फ्रूटकेकशिवाय नाताळच्या ऑर्डरी

फ्रूटकेक नको असेल तर नाताळला काय भाजायचं, याची यादी कुणीही देईल. कधी भाजायचं ते कुणी सांगत नाही, आणि घरून ऑर्डरी घेणाऱ्याचं घोडं नेमकं तिथेच अडतं. फ्रूटकेकचा मेवा सप्टेंबर-ऑक्टोबरपासून रममध्ये मुरत असतो, साखरही भरपूर असते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाजून ठेवला तरी तो जानेवारीपर्यंत बिघडत नाही. ओल्या नारळाचे पदार्थ एवढी मुभा देत नाहीत.

२०२४च्या नाताळात आम्ही पुण्यातल्या घरातून फ्रूटकेक अजिबात न ठेवता ऑर्डरी घेतल्या. पेराद (पेरूच्या वड्या), बोलिन्हा (रवा-नारळाची बिस्किटं), कुलकुल (तळलेले गोड वळसे), दोदोल (गूळ-नारळाची मऊ मिठाई), बाथ (रवा-नारळाचा केक), बेबिंका (नारळाच्या दुधाचा थराथरांचा केक) आणि काजूचे मॅकरून एवढेच पदार्थ होते. कोणता पदार्थ किती दिवस टिकतो त्यावरून तारखा ठरवल्या. त्याच क्रमाने, कागदपत्रं आणि खर्चासकट, लिहिते आहे.

फ्रूटकेक वगळण्याची कारणं साधी. पुष्कळ घरांत रम चालत नाही, आणि संत्र्याच्या रसात भिजवलेला मेवा रमइतका टिकाव धरत नाही. शिवाय लोक ऑर्डरी विचारायला लागतात दिवाळी आटोपल्यावर. तेव्हा मेवा मुरवायला घ्यायची वेळ गेलेली असते. टुटीफ्रुटी घालून वेळ मारून नेता येते, पण रंगवलेल्या कच्च्या पपईला फ्रूटकेकचे पैसे लावणं पटत नाही. स्टोलन आणि पॅनेटोन या जर्मन आणि इटालियन नाताळच्या गोड पावांचाही विचार झाला. पॅनेटोनचं लोण्याने जड झालेलं पीठ हाताने मळणं जिकिरीचं, आणि स्टोलनमध्ये पुन्हा भिजवलेला मेवा आलाच. यूल लॉग, म्हणजे ओंडक्यासारखा गुंडाळलेला केक, क्रीमचा, म्हणून घरोघर पोचवेपर्यंत थंड ठेवणं आलं. तिन्ही बाद.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली आणि ४ला, सोमवारी, अन्न नोंदणीचा अर्ज भरला. घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तेव्हा वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर परवाना नव्हे, साधी नोंदणी पुरत होती. फॉस्कॉस या पोर्टलवर ‘फॉर्म ए’ भरायचा. त्याला फोटो, ओळखपत्र आणि पत्त्यासाठी विजेचं बिल जोडलं. घर भाड्याचं असेल तर मालकाचं संमतिपत्र आधीच घेऊन ठेवावं. शुल्क तेव्हा वर्षाला १०० रुपये होतं आणि एक ते पाच वर्षांचं एकदम भरता येत होतं. आम्ही पाच वर्षांचे ५०० भरले. पदार्थांचे गट निवडताना फक्त बेकरीवर खूण करून थांबू नये. पेराद हा फळांचा पदार्थ, दोदोल ही मिठाई. जे जे विकणार ते सगळं अर्जात यायला हवं.

नियमाप्रमाणे सात दिवसांत नोंदणी मिळते, नाकारली जाते किंवा तपासणीची नोटीस येते. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्यामुळे काम रखडेल की काय अशी धाकधूक होती. पण १२ तारखेला प्रमाणपत्र डाउनलोड करता आलं. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक २ने सुरू होतो, परवान्याचा १ने. प्रमाणपत्राची प्रत स्वयंपाकघरात दिसेल अशी लावायची.

क्रमांक मिळाला की लेबलं छापायला द्यावीत, त्याआधी नाही. लेबलावर पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त असलेला आधी), निव्वळ वजन, तयार केल्याची आणि कधीपर्यंत खावा ती तारीख, नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक घातला. अंडं असलेल्या पदार्थावर हिरवी खूण चालत नाही. चौकटीतला तपकिरी त्रिकोण लागतो. आधी इथे गोल असायचा, त्यामुळे छापखान्याकडे अजून जुनीच नमुना-फाइल निघू शकते. छपाईआधीचा नमुना नीट बघून घ्यावा. गहू, दूध, अंडं, काजू-बदाम ही ॲलर्जीची नावं वेगळ्या ओळीत दिली. पेराद आणि दोदोल यांना हिरवी खूण मिळते, म्हणून शाकाहारी शेजाऱ्यांना तेच सुचवता येतात. लेबलं शंभराला अडीचशे रुपयांत झाली. तारखेची जागा कोरी ठेवून पेनने लिहिली, म्हणजे एकच छपाई महिनाभर पुरते.

२४ नोव्हेंबरला, रविवारी, पेराद केलं, कारण ते सगळ्यांत जास्त टिकतं. नीट आटवलेलं पेराद दोन महिने सहज राहतं. पेरू अगदी पिकलेले घ्यायचे नाहीत. पेक्टिन थोड्या कच्च्या फळात जास्त असतं, म्हणून दोन भाग पिकलेले आणि एक भाग अर्धकच्चे घ्यावेत. गर गुलाबी असेल तर रंग आपोआप येतो. फोडी थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर घासायच्या, बिया वर राहतात. एक किलो गराला ८०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस आणि शेवटी चमचाभर लोणी. लिंबू चवीपुरतं नाही. त्याच्या आंबटपणाने पेक्टिन घट्ट धरतं आणि साखरेचे खडे होत नाहीत. मिश्रण दाट झालं की ज्वालामुखीसारखं उडतं, तेव्हा लांब दांड्याचा उलथना आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. तासाभराने कडा सोडायला लागतं. गार ताटलीवर थेंब टाकून मिनिटभराने बोट लावायचं. चिकटलं तर अजून दहा मिनिटं. तूप लावलेल्या थाळीत थापून दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या. गरम असताना कापलं तर कडा ओघळतात.

त्याच आठवड्यात ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, तपासून घेतला. आतलं तापमान दाखवणारा मापक तेव्हा साडेतीनशे रुपयांना मिळाला. डायल १८०वर असताना आत १६० निघणं किंवा २०० निघणं, दोन्ही नेहमीचं आहे. बटणावरचा आकडा खरा मानून भाजणाऱ्याचा बाथ खालून करपतो आणि मध्ये कच्चा राहतो, मग दोष जातो रव्याला. खाली दिलेली सगळी तापमानं मापकावरची आहेत.

बोलिन्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. हवाबंद डब्यात तीन आठवडे कुरकुरीत राहते. अर्धा किलो बारीक रवा, ४५० ग्रॅम साखर, दीड वाटी पाणी, दोन नारळांचा चव (साधारण ३३० ग्रॅम), तीन बलकं, दोन चमचे तूप, वेलची, चिमूट मीठ. नारळ फक्त पांढरा खवायचा. तपकिरी पाठ आली की रंग मळकट होतो. चव मिक्सरमध्ये दोनदाच फिरवायचा. साखरेचा एकतारी पाक करून त्यात नारळ पाच मिनिटं शिजवला, तूप आणि रवा घालून गॅस बंद केला आणि रात्रभर झाकून ठेवला. सकाळी बलकं आणि वेलची घालून मळायचं, लिंबापेक्षा लहान गोळे करायचे, काट्याने वर फुली दाबायची. १७० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं. एवढ्यात साठ-पासष्ट होतात.

बसकी, पसरलेली बोलिन्हा दिसली तर रवा पुरेसा मुरला नव्हता किंवा पाक पातळ राहिला, असं समजावं. ओव्हनमधून काढताना ती मऊच लागते, गार झाल्यावर कडक होते. मऊ आहे म्हणून परत भाजली तर दगड होतो. मात्र एक फोडून बघावी. मध्ये ओलसर असेल तर सगळ्या १२० अंशांवर दहा मिनिटं सुकवाव्यात, कारण बुरशी आतूनच धरते.

कुलकुल तळणीचं आहे, भाजणीचं नाही, पण नाताळच्या डब्यात ते नसेल तर गोव्याकडची आणि वसईकडची मंडळी नाराज होतात. १४ डिसेंबरला केलं. अर्धा किलो मैदा, ५० ग्रॅम रवा, ५० ग्रॅम कडकडीत तुपाचं मोहन, एक अंडं, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि मावेल तेवढं नारळाचं दाट दूध. शंकरपाळ्यांचा हात असेल तर यात शिकायचं फारसं नाही. काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळताना शेवटची कड नीट चिकटवायची, म्हणजे तेलात उलगडत नाही. नगर भागातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ असतोच, त्यांच्याकडून या डब्याला मागणी कमी येते.

आता दोदोल. सगळ्या यादीत खिशाला आणि खांद्याला जड हाच. १८ तारखेला केला. अर्धा किलो माडाचा काळा गूळ, तीन नारळ, २०० ग्रॅम तांदळाचं पीठ, ५० ग्रॅम काजू, मीठ. माडाचा गूळ साध्या गुळाच्या काही पट महाग पडतो आणि पुण्यात सगळीकडे मिळत नाही. गोव्याहून कुणी येणार असेल त्यालाच सांगून ठेवावं. साध्या गुळाचा दोदोल होतो, पण तो खरपूस धुरकट वास येत नाही. गूळ विरघळवून गाळायचाच, त्यात खडे आणि काड्या असतात. नारळाचं पहिलं दाट दूध वेगळं ठेवून दुसऱ्या पातळ दुधात पीठ गुठळ्या न होऊ देता कालवलं, गुळाचं पाणी घातलं आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवलं. मिश्रण घट्ट झालं की दाट दूध घालायचं. तिथून पुढे दीड तास हात थांबवायचा नाही, दोघी आळीपाळीने असतील तर बरं. आधी गोळा कढई सोडतो. पुष्कळजण तिथेच गॅस बंद करतात. थोडं थांबलं की कडेने नारळाचं तेल सुटायला लागतं, गोळ्याला चकाकी येते, उलथन्यावरून तो एका तुकड्यात घसरतो. तो खरा शेवट. आधीच उतरवलेला दोदोल दाताला चिकटतो आणि पाचव्या दिवशी आंबूस होतो. नीट झालेला बाहेर आठवडाभर, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे.

बाथ हा फ्रूटकेकला माझ्या मते सगळ्यांत सरळ पर्याय. दिसतो केकसारखा, कापतो केकसारखा, रवा-नारळामुळे मराठी जिभेला अनोळखी वाटत नाही, आणि महागही नाही. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळ ख्रिस्ती, घरांतला थाळी स्वीट याचाच भाऊ, त्यात वाटलेले बदाम जातात. २१ला रात्री पीठ भिजवून २२ला, रविवारी, भाजला. आठ इंची एका टिनला बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, एक मोठा नारळ, लोणी १२५ ग्रॅम, चार अंडी, अर्धी वाटी दूध, एक चमचा बेकिंग पावडर, एक मोठा चमचा गुलाबपाणी, मीठ. लोणी खारं असेल तर मीठ नको.

लोणी-साखर फेटून एकेक बलक घालायचं. नारळ दुधाबरोबर भरड वाटून त्यात मिसळायचा, मग रवा. हे रात्रभर फ्रिजमध्ये. रव्याचा कण पाणी हळू पितो. लगेच भाजलं तर तो ओव्हनमध्ये मिश्रणातलं पाणी ओढतो, केक कोरडा होतो आणि खाताना कचकच लागते. बेकिंग पावडर मात्र सकाळीच घालायची, रात्री घातली तर तिचा जोर ओव्हनच्या आधीच संपतो. सकाळी पीठ तासभर बाहेर काढून ठेवावं, कारण गार घट्ट पिठात फेटलेला पांढरा भाग मिसळताना बसून जातो. पांढरं टोक उभं राहील इतकंच फेटायचं आणि तीन वेळा थोडं थोडं करून मिसळायचं.

टिनच्या तळाला दोन कागद. नारळ आणि साखर बुडाला लवकर करपतात, दुसरा कागद दहा मिनिटांची सवड देतो. १७० अंशांवर पन्नास मिनिटं, पस्तिसाव्या मिनिटाला वर फॉइल. सळई कोरडी निघाली तरी टिनमध्येच अर्धा तास ठेवायचा. तळाशी नारळाचा चिकट थर दिसला तर दूध जास्त झालं किंवा नारळ फार बारीक वाटला गेला. अंडं न खाणाऱ्यांसाठी चार अंड्यांऐवजी २०० ग्रॅम दही आणि बेकिंग पावडरबरोबर अर्धा चमचा सोडा घालता येतो. तो जरा भुसभुशीत होतो, पातळ काप पडत नाहीत. जाड चौकोनी वड्या करून द्याव्यात. त्याला हिरवी खूण लागते, म्हणून त्याचं लेबल वेगळं.

डिसेंबरच्या भावाने एका बाथचा हिशेब: अंडी २८, लोणी ७२, नारळ ४०, रवा-साखर २६, बाकी किरकोळ १२, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास. केक किलोभर भरतो. वीज, खोका, लेबल धरून सव्वादोनशे. मेहनत वेगळी.

बेबिंका २३ तारखेला, त्याच्या आधी नाही. दहा बलकं, ३५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर नारळाचं दाट दूध, अर्धा चमचा जायफळ, मीठ आणि दीडशे ग्रॅम साजूक तूप. अर्ध्या लिटर दाट दुधाला तीन नारळ लागतात. वाटताना पाणी कोमट घ्यावं आणि अगदी थोडं. डब्यातलं दूध चालतं, पण ‘लाइट’ लिहिलेलं घेऊ नये. त्यात चरबी कमी असते आणि थर रबरासारखे होतात. साखर दुधात विरघळवायची, बलकं न फेसाळता मिसळायची, मैदा घालून गाळायचं. फेस आला तर थरांना भोकं पडतात. मिश्रण मोजून सात भाग केले, प्रत्येक भाग १४० मिली.

सात इंची टिनमध्ये दीड चमचा तूप तापवून पहिला भाग ओतला आणि १८० अंशांवर दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटं भाजला. पुढचे सगळे थर फक्त वरच्या रॉडवर, २०० ते २२० अंशांवर. टिनच्या खाली अजून एक ट्रे ठेवावा, नाही तर पहिला थर सातव्या थरापर्यंत कोळसा होतो. थर झाला की नाही हे घड्याळाने ठरवू नये. आधी मध्यभाग थरथरायचा थांबतो, मग कडेने तुपाचे बारीक बुडबुडे येतात, मग पृष्ठभागावर फिकट पिवळ्यात तपकिरी ठिपके उमटून एकमेकांत मिसळतात. ठिपके मिसळले की काढायचं, चमच्याने तूप पसरायचं, ते शांत झालं की पुढचा भाग. ठिपके सुटे असताना ओतलं तर दोन थरांचा एक होतो; कापल्यावर सातऐवजी पाच मोजले जातात. तुपात काटकसर केली की थर सुटत नाहीत. आणि दर वेळी ओतण्याआधी मिश्रण तळापासून ढवळायचं, मैदा खाली बसतो.

असं दोन तासांहून जास्त चालतं. या वेळात स्वयंपाकघरातून हलता येत नाही, त्यामुळे दाराची घंटा वाजली तरी दुसऱ्या कुणी उठावं. पूर्ण गार झाल्यावर उलटं करून सुरीला तूप लावून पातळ काप करावेत. बाहेर तीन दिवस, फ्रिजमध्ये दहा. फ्रिजमधून काढलेली तशीच खाऊ नये. तूप गोठलेलं असतं आणि थर चिकटून बसतात. काप वीस सेकंद मायक्रोवेव्हमध्ये किंवा तव्यावर झाकून मिनिटभर. हे लेबलाच्या खाली पेनने लिहून दिलं. सामानाचा खर्च साडेतीनशेच्या घरात गेला. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणून पुण्यात केलेल्या डब्यावर ‘बेबिंका’ एवढंच लिहिलं, गोव्याचं नाव लावलं नाही.

दहा पांढरे उरतात. तमिळनाडूतल्या तुतुकुडीचे काजूचे मॅकरून हा त्यांचा उत्तम उपयोग, पण सगळे वापरले तर पाऊण किलो काजू लागतो. चार पांढऱ्यांना २४० ग्रॅम साखर आणि ३०० ग्रॅम काजू, एवढंच केलं. बाकीचे फ्रीजरमध्ये दोन महिने चांगले राहतात. काजू चमचाभर साखर घालून थांबत थांबत फिरवावेत. सलग फिरवले की तेल सुटतं आणि फेस बसतो. पांढऱ्यात बलकाचा थेंब गेला असेल तर फेस चढतच नाही. १०० अंशांवर दीड-दोन तास सुकवायचे. पुण्यात डिसेंबरची हवा कोरडी म्हणून सोपं जातं. मुंबई-वसईत अर्धा तास जास्त लागतो आणि गार होताच डबा बंद करावा लागतो.

२४ला सकाळपासून डबे पोचवले. एका काकूंनी “रमवाला नाही का ग यंदा?” असं विचारून शेवटी बाथच नेला. ऑर्डर घेतानाच निम्मी रक्कम घ्यावी, विशेषतः बेबिंकाची. आयत्या वेळी रद्द झालेली बेबिंका २५ तारखेनंतर विकली जात नाही. कुरिअरने फक्त पेराद, बोलिन्हा आणि कुलकुल पाठवावं. मॅकरून वाटेत चुरा होतात, दोदोलचं तेल खोक्याबाहेर झिरपतं, आणि बाथ नागपूरला तिसऱ्या दिवशी कोणत्या अवस्थेत पोचेल याची हमी देता येत नाही.